मदत हवी आहे: आकाश निळंच का, जांभळं का नाही?

मंडळी, शुक्रवारी लेकीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. 'आकाश निळं का दिसतं' हा विषय मीच हौसेने सुचवला आणि आता मीच अडकलोय.

हवेचे रेणू प्रकाश विखुरतात आणि तरंगलांबी कमी तितकं विकिरण जास्त, हा रॅलेचा १८७१ चा नियम तिला समजला. विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे ७०० नॅनोमीटरच्या लालपेक्षा ४५० चा निळा जवळपास सहापट विखुरतो.

प्रयोगही केला. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी, त्यात दूध आणि मोबाईलचा टॉर्च. आधी अर्धी वाटी दूध ओतलं, तर सगळं पांढरंफटक. मग ड्रॉपरने सात-आठच थेंब टाकून दिवा मालवला. बाजूने धुरकट निळसर झाक, समोरून टॉर्च बघितला तर पिवळट-तांबूस, अगदी मावळतीसारखा!

मग तिने वहीत स्वतः गणित मांडलं. "बाबा, ४०० चा जांभळा तर नऊपटीहून जास्त विखुरतो. मग आकाश जांभळं का नाही?" मी म्हटलं, सूर्यप्रकाशात जांभळा कमी असतो. "नऊपट पुसून जाईल इतका कमी?" मी गप्प. (शेजारचे काका म्हणतात समुद्राचं प्रतिबिंब पडतं. नागपूरवर कुठला समुद्र?)

प्रतिसाद: तुमचं उत्तर अर्धं बरोबर, उरलेलं डोळ्यात आहे. ४०० च्या आसपास आपला डोळा मंदच. शिवाय वरून नुसता जांभळा येत नाही, निळा, हिरवा, थोडा लालही येतो. त्या मिश्रणाने डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या तिन्ही प्रकारच्या पेशी (शंकुपेशी) जशा चेतवल्या जातात, तशाच त्या निळ्यात पांढरा मिसळला तरी चेतवल्या जातात. म्हणून फिकट निळं दिसतं.

काकांना रामन सांगा. १९२१ मध्ये बोटीवरून त्यांनी समुद्रावरचं परावर्तन अडवून पाहिलं, तरी पाणी निळंच! म्हणजे आकाशाचा रंग समुद्राचा नाहीच, पण समुद्राचा निळाही नुसतं आकाशाचं प्रतिबिंब नाही.

आणि ती पांढरी बरणीही शेजारी मांडा. दूध जास्त झालं की प्रकाश पुन्हापुन्हा विखुरतो आणि रंग मिसळून जातात. क्षितिजापाशी आकाश पांढुरकं दिसतं ते बरंचसं यामुळेच.

धागाकर्ता: वा, आभार! प्रदर्शन दहा ते दोन आहे. दूध टिकेल का?

प्रतिसाद: आधी मिसळूच नका. परीक्षक आले की त्यांच्यादेखत थेंब टाकायचे. आणि बरणीमागे काळा कागद लावलेला खोका ठेवा, वर्गातल्या उजेडात निळं काही दिसणार नाही.