मदत हवी आहे : ईस्टबोर्नच्या किनाऱ्यावर माणसांचे फोटो कसे काढावेत?

नमस्कार मंडळी,

मुक्काम ईस्टबोर्न, इंग्लंडचा दक्षिण किनारा. बायको इथल्या रुग्णालयात नोकरीला आहे. माझं काम घरून चालतं आणि वेळा बऱ्यापैकी माझ्या हातात असतात, त्यामुळे रोज कॅमेरा घेऊन बाहेर पडतो. समुद्र, आकाश, पिअर (समुद्रात शिरणारा लांब धक्का) वगैरे ठीक जमतंय. अडलंय ते माणसांपाशी.

आधी जागा कशी आहे ते सांगतो, नाहीतर उत्तरं 'हसा आणि विचारा' एवढ्यावर थांबतील. समुद्रासमोरचा रस्ता जवळजवळ सगळा व्हिक्टोरियन हॉटेलांचा. इथली बरीचशी जमीन डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याची, आणि त्यांनी समुद्राच्या बाजूला दुकानं येऊ दिली नाहीत. त्यामुळे चौपाटीवरची भेळपुरीछाप गजबज इथे शोधूनही सापडत नाही. खाली गोट्यांचा किनारा, थोड्या थोड्या अंतरावर पाण्यात शिरणारे लाकडी बांध, वाळू दिसते ती फक्त ओहोटीला. १८७० साली सुरू झालेला पिअर आहे (जुलै २०१४ मध्ये त्याचा काही भाग आगीत गेला) आणि १९३५ चा, निळ्या घुमटाचा बँडस्टँड (बँडवादनाचा मंच).

आणि माणसं! निवृत्त होऊन इथे राहायला आलेली जोडपी, बाकावर थर्मास उघडून बसलेली. भर थंडीत पाण्यात उतरणाऱ्या साठीच्या बायका, बाहेर आल्या की गुडघ्याखाली येणारे जाडजूड कोट घालून चहा पितात. पिअरवर गळ टाकून तासन्‌तास उभे असलेले लोक. चार चाकांच्या स्कूटरवरून वाऱ्याला तोंड देत जाणारे आजोबा. हे सगळं मला टिपायचंय, सीगल आणि सूर्योदय आता पुरे झाले.

मी रत्नागिरीचा. मिरकरवाडा बंदरात कॅमेरा काढला की चार जण आपणहून समोर येऊन उभे राहतात, 'माझा काढ' म्हणतात, आणि तिथे सहज क्षण मिळवणं कठीण. इथे नेमकं उलट. कुणी काही म्हणत नाही, रागावतही नाही. फक्त चेहरा बंद होतो, पाठ किंचित वळते, आणि दोन मिनिटांनी बाक रिकामा. त्यात मी सावळा, एकटा, गळ्यात ७०-२०० ची भली मोठी लेन्स. लोकांना काय वाटत असेल याचा विचार करूनच माझं बोट शटरवरून उतरतं.

तर प्रश्न असे:

विचारून काढावा की न विचारता? विचारलं तर माणसं 'पोझ' देतात, न विचारता चोरट्यासारखं वाटतं.

पोहायला येणाऱ्या बायकांचा गट फार छान आहे, पण तिथे पुरुषाने कॅमेरा काढावा का?

मुलं फ्रेममध्ये आली तर काय करता?

जाता जाता एक तांत्रिक प्रश्न. इथून जवळचे सेव्हन सिस्टर्स हे खडूचे पांढरे कडे माझ्या फोटोत एकतर राखाडी येतात, नाहीतर जळून कोरे.

---

प्रतिसाद :

सगळ्यात आधी ती ७०-२०० घरी ठेवा. मी उत्तर इंग्लंडात स्कारबरोला राहते, किनारा वेगळा, माणसं तीच. लांबून रोखलेल्या लेन्सचा इथे जेवढा संशय येतो तेवढा जवळ येऊन फोटो काढणाऱ्याचा येत नाही. ३५ एमएमची छोटी लेन्स लावा, कॅमेरा लपवू नका, आणि रोज त्याच वेळी त्याच पट्ट्यात फिरा. काही दिवसांत तुम्ही 'तो कॅमेरावाला' होता, मग कुणी वळून बघत नाही.

दुसरं म्हणजे कुत्रा. हसू नका, खरंच सांगते. इथल्या माणसाला 'तुमचा फोटो काढू का' विचारलं तर तो अवघडतो, 'तुमच्या कुत्र्याचा काढू का' विचारलं की खुलतो. कुत्र्याचं नाव, वय, दुखणी सगळं कळतं, मालकाचं नाव मात्र तुम्हीही विचारत नाही आणि तोही सांगत नाही. त्या गप्पांत मालकाचा चेहरा मोकळा होतो. तेव्हा काढा. कुत्रा नसेल तर हवामान आहेच.

---

प्रतिसाद :

कायद्यापुरतं सांगतो. इंग्लंडमध्ये सार्वजनिक जागी फोटो काढायला कुणाची परवानगी लागत नाही, मुलं असली तरी. पण पिअर खासगी मालकीचा आहे, तिथे मालकाचा नियम चालतो. तिकीट लावलेल्या कार्यक्रमाचंही तसंच.

कायदा परवानगी देतो म्हणून सगळं करावं असं नाही. मुलं ओळखू येतील असा फोटो मी पालकांना विचारल्याशिवाय काढत नाही, गर्दीत लांब असतील तर सोडून देतो. पोहणाऱ्या बायकांच्या बाबतीत, कपडे बदलण्याच्या वेळी कॅमेरा बॅगेत. आधी बिनकॅमेऱ्याचे जाऊन बोला. अशा गटांत एखादी सूत्रधार बाई असतेच, तिने हो म्हटलं की झालं.

---

प्रतिसाद :

वरच्या दोघांशी निम्माच सहमत. विचारलं की फोटो मेला. छायाचित्रकार टोनी रे-जोन्सने १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडचे समुद्रकिनारे टिपले, मार्टिन पारने १९८० च्या दशकात लिव्हरपूलजवळचं न्यू ब्रायटन. प्रत्येकाला विचारत बसले असते तर ते फोटो झालेच नसते. माझी पद्धत अशी : माणसामागे जायचं नाही, जागा धरायची. बँडस्टँडसमोरची एखादी रिकामी खुर्ची, बांधाचा कोपरा, बसथांबा. चौकट आधी लावा, एफ ८, शटर १/२५०, आयएसओ ऑटोवर, आणि उभे राहा. माणसं स्वतःच चौकटीत येतात. तुम्ही आधीपासून तिथे असता, त्यामुळे कुणाचा पाठलाग केल्यासारखं त्यांनाही वाटत नाही आणि तुम्हालाही. कुणी 'नको' म्हटलं तर तिथल्या तिथे पुसून दाखवायचा, वाद घालायचा नाही.

---

प्रतिसाद :

कड्यांचं सांगतो, माणसांतलं मला कळत नाही.

खडूचा दगड बर्फासारखा वागतो. चौकट पांढऱ्याने भरली की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि सगळं राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा. गडद गवत किंवा समुद्र जास्त आला की उलट, पांढरं जळतं, तेव्हा कमी करा. हायलाइट वॉर्निंग (जळलेला भाग दाखवणारी सोय) चालू ठेवा आणि रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा.

त्याहून महत्त्वाचा प्रकाश. सेव्हन सिस्टर्सची तोंडं नैर्ऋत्येकडे आहेत. उन्हाळ्यात सूर्य वायव्येला, म्हणजे जमिनीच्या बाजूला मावळतो आणि संध्याकाळी कडे सावलीत जातात. डिसेंबरात तो नैर्ऋत्येला, चारच्या आत मावळतो आणि थेट कड्यांवर पडतो. तेव्हा हिवाळ्यात दुपारी अडीचला तिथे पोचा. सीफर्ड हेड या शेजारच्या कड्यावरून काढा, पुढे तटरक्षकांची जुनी घरं येतात. ब्रायटन-ईस्टबोर्न मार्गावरची १२ नंबरची बस सीफर्डला नेते, पुढे चालत.

कड्याच्या टोकाशी जाऊ नका आणि पायथ्याशीही उभे राहू नका. खडू न सांगता कोसळतो. उधाणाला इथे भरती-ओहोटीतला फरक सहा मीटरच्या आसपास असतो, रत्नागिरीच्या हिशेबाने चालाल तर परतीची वाट पाण्याखाली जाईल.

बीची हेड या उंच कड्यावर (१६२ मीटर) एकटे बराच वेळ बसलात तर गस्तीवरचं कुणी येऊन आपुलकीने चौकशी करेल. कारण गंभीर आहे (तिथे आत्महत्या होतात), तेव्हा त्रासिक उत्तर देऊ नका, ट्रायपॉड दाखवा आणि आभार माना. खालच्या १९०२ च्या दीपगृहाचे लाल पट्टे फिके होऊ द्यायचे ठरलं होतं, तेव्हा लोकांनी २७,००० पौंड जमवून २०१३ मध्ये ते पुन्हा रंगवून घेतले. गप्पांना हा विषय कुत्र्याइतकाच चांगला चालतो.

---

धागाकर्ता :

सर्वांचे आभार. लेन्स बदलली. जागा धरून उभं राहण्याची पद्धत माझ्या स्वभावाला पटते, पोहणाऱ्या गटाशी मात्र आधी बोलेन, बायकोला सोबत नेऊन.

एक उपप्रश्न. कुत्र्याच्या निमित्ताने एका आजींचा फोटो फार सुंदर आला आहे. त्यांना प्रिंट द्यायची आहे. पत्ता किंवा ईमेल विचारणं आगाऊपणा होईल का?

---

प्रतिसाद (स्कारबरोवाली) :

पत्ता मुळीच विचारू नका. ६ बाय ४ ची प्रिंट काढा, पाकिटात घालून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवा. कुत्रा आहे म्हणजे त्या रोज त्याच वेळी तिथे येणारच. देताना दोन प्रती द्या, एक त्या मुलाला किंवा मुलीला पाठवतील. आणि पाकिटावर कुत्र्याचं नाव लिहा.