मदत हवी आहे: नॉर्मल कर्व्हची उंची १ च्या वर कशी जाते?

नमस्कार मंडळी. संख्याशास्त्राची नुकतीच सुरुवात केली आहे. नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनमध्ये मधोमध सरासरी, दोन्ही बाजूंना सारखा उतार, एका स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) आत सुमारे ६८ टक्के आकडे, दोनच्या आत ९५, तीनच्या आत ९९.७, इथपर्यंत नीट समजलं.

घोडं अडलंय ते पुढे. सळ्यांच्या लांबीची सरासरी १० सेंमी, स्टँडर्ड डेव्हिएशन ०.१ सेंमी धरलं आणि कर्व्हच्या उंचीच्या सूत्रात एक्सच्या (म्हणजे लांबीच्या) जागी १० घातले. उत्तर आलं ३.९९. संभाव्यता १ च्या वर जात नाही ना? आकडेमोड पुन्हा केली, तेच येतं. त्यात पुस्तक म्हणतं, लांबी नेमकी १० असण्याची संभाव्यता शून्य! मग हे ३.९९ आहे तरी काय? सूत्र पाठ करून पेपर सुटेल, पण मला हे मुळातून समजून घ्यायचंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
तुमची आकडेमोड अगदी बरोबर आहे. ३.९९ ही संभाव्यता नाही, घनता आहे: दर सेंटीमीटरला ३.९९. हीच लांबी मिलिमीटरमध्ये मांडा. सरासरी १००, स्टँडर्ड डेव्हिएशन १, आणि शिखराची उंची ०.३९९. सळ्या त्याच, उंची मात्र दहापट कमी! बदलत नाही ते कर्व्हखालचं क्षेत्रफळ. ते एकूण १ असतं आणि संभाव्यता म्हणजे त्यातला तुकडा. नेमक्या एका बिंदूवर रुंदीच नाही, म्हणून क्षेत्रफळ शून्य. पट्टीवर आपण '१०.०' वाचतो तेव्हा खरी लांबी ९.९५ ते १०.०५ च्या मध्ये कुठेतरी असते. त्या पट्ट्याची संभाव्यता काढा, ती शून्य येणार नाही.

धागाकर्ता
खूप आभार! काढून पाहिली. उंची गुणिले रुंदी, ३.९९ × ०.१ = ०.३९९. पण झेड तक्त्यातून (झेड म्हणजे सरासरीपासूनचं अंतर किती स्टँडर्ड डेव्हिएशन; तक्ता त्यावरून कर्व्हखालचं क्षेत्रफळ देतो; इथे उणे ०.५ ते अधिक ०.५) ०.३८३ येतंय. हा फरक कशाचा?

प्रतिसाद २
तुम्ही शिखराची उंची पूर्ण पट्ट्याला लावलीत. कर्व्ह मात्र मध्यापासून दोन्हीकडे खाली येत जातो, म्हणून आयताचं क्षेत्रफळ थोडं जास्त भरतं. पट्टा ९.९९ ते १०.०१ इतका अरुंद करून बघा: ३.९९ × ०.०२ = ०.०७९८, आणि झेडवरून ०.०७९७.