गावाच्या हद्दीत शेकोटीबंदीचा ठराव कसा लिहावा?

प्रश्न: मुलुंड_शहापूर

नमस्कार. आमचे मूळ गाव शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्याच्या कडेला आहे. नोकरीमुळे आम्ही मुलुंडला राहतो, तरी शेती आणि भाऊबंद गावीच आहेत. अलीकडे गावातील काही तरुणांनी माळावर तंबू लावून मुंबई-ठाण्याच्या पर्यटकांची राहण्याची सोय सुरू केली असून, शनिवारी येणाऱ्या प्रत्येक गटाला जेवणाइतकीच शेकोटीही हवी असते. माळाच्या वरच्या अंगाला साग आणि ऐनाचे जंगल आहे, आणि मधल्या पट्ट्यात दिवाळीनंतर कमरेएवढे गवत वाळून उभे असते. येत्या ग्रामसभेत शेकोटीबंदीचा ठराव मांडायचे ठरले आहे व त्याचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

म्हातारी मंडळी म्हणतात की वणवे पर्यटक येण्याच्या आधीपासून लागत आले आहेत. तरुणांचे म्हणणे असे की शेकोटी बंद केली तर गिऱ्हाईक सरळ पवनेच्या काठावर जाईल. बंदी बारमाही असावी की हंगामापुरती? बाहेरून आलेल्या माणसावर ग्रामसभेच्या ठरावाचे काही बंधन असते का? आणि वणव्यांची इतर कारणे तशीच राहणार असतील, तर या बंदीने नेमके काय साधेल?

उत्तर: निवृत्त_वनपाल

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर पुष्कळ लोकांना वाटते त्यापेक्षा स्पष्ट आहे. राखीव वनाला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवणे किंवा पेटती सोडून जाणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि अभयारण्यापुरते हेच वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे कलम ३० सांगते. म्हणजे जंगलात शेकोटी करण्याची मुभा पर्यटकाला आजही नाही. तुमच्या ठरावाला बोलायचे आहे ते वनहद्दीबाहेरच्या माळाबद्दल आणि खासगी शेतांबद्दल. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल, तर वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ५ नुसार वन, वन्यजीव आणि जैवविविधतेच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला आहे, व त्यांना बाधक ठरणारी कृती थांबवण्याचा तिचा निर्णय पाळला जावा अशी तरतूदही आहे. त्या कलमाचा उल्लेख ठरावात अवश्य करावा.

कलम २६ मधला आणखी एक भाग ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. राखीव वनाला कोणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर त्या वनातील चराईचे आणि वनोपजाचे हक्क शासनाला काही काळ स्थगित करता येतात. काडी पाहुण्याने ओढली तरी गुरे गावाचीच अडतात, हे एकदा लोकांच्या लक्षात आले की पुढची चर्चा सोपी होते.

कारणांविषयी म्हातारी मंडळी खरे तेच सांगत आहेत. आपल्याकडे वणवे जवळजवळ सगळे माणसाच्या हातून लागतात: नवे गवत जोमाने फुटावे म्हणून माळ पेटवला जातो, मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, शिकारीसाठी रान उठवले जाते, बांध जाळताना आग निसटते, किंवा रस्त्याकडेला कोणी जळती विडी टाकतो. या सगळ्यांत शेकोटीचा वाटा मोठा आहे असे मी म्हणणार नाही. मात्र बाकीच्या प्रत्येक आगीमागे कोणाची तरी गरज किंवा समजूत असते आणि ती बदलायला वेळ लागतो. तरुणांचे पोट तंबूवर चालते, शेकोटीवर नाही. त्यामुळे ही एक आग याच हंगामात बंद करता येण्यासारखी आहे.

हंगामाबद्दल सांगायचे तर वनविभाग वणव्यांचा काळ साधारणपणे १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतो. गवताळ माळासाठी ही तारीख उशिराची आहे असे माझे मत आहे. गोरेगावला आरे वसाहतीलगतच्या टेकडीवर मोठी आग लागली ती ३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी, हे मुंबईकरांना आठवत असेल. तेव्हा १ डिसेंबरपासून पहिला चांगला पाऊस होईपर्यंत बंदी ठेवावी. माळ आणि जंगल यांच्यामधली जाळरेषाही (आग पुढे सरकू नये म्हणून गवत आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) डिसेंबरातच घ्यावी आणि त्यासाठी वनरक्षकाला आधी भेटावे. गावाने परस्पर जाळलेली रेषा हाताबाहेर गेली तर तोच वणवा ठरतो.

उत्तर: तंबूवाला_कर्जत

हाच व्यवसाय मी कर्जतकडे करतो, म्हणून तरुणांची बाजू मांडतो. शेकोटी नाही म्हटल्यावर काही गट फोन ठेवून देतात, हे खरे आहे. परंतु आरक्षण घेतानाच लेखी कळवले तर येणारे लोक वाद घालत नाहीत; वाद होतो तो रात्री दहा वाजता अचानक नकार दिल्यावर. शिवाय एकट्याने नियम पाळणारा माणूस शेजारच्या तंबूवाल्याकडे गिऱ्हाईक घालवून बसतो. त्यामुळे ठरावाआधी सगळ्या तंबूचालकांची एकत्र सही घ्यावी, आणि मोडणाऱ्याला गावाने त्या हंगामात तंबू लावू देऊ नये.

पावसाळा संपल्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत आम्ही शेकोटी देतो, तीही जमिनीवर नव्हे, तर अर्ध्या कापलेल्या लोखंडी पिंपात, उघड्या मुरमावर, चारही बाजूंचे गवत साफ करून आणि भरलेल्या बादल्या शेजारी ठेवून. विझवण्याचे काम पाहुण्यांवर कधीही सोपवत नाही. लोक वर माती लोटून झोपायला जातात, आणि मातीखाली निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो. पाणी ओतायचे, काठीने ढवळायचे, पुन्हा ओतायचे, आणि राखेवर हाताची पालथी बाजू धरून ऊब लागत नाही याची खात्री करायची. शेकोटीपेक्षा मला जास्त भीती वाटते ती बार्बेक्यूच्या उरलेल्या कोळशांची आणि वाढदिवसाला सोडल्या जाणाऱ्या उडत्या कंदिलांची. तुमच्या मसुद्यात या दोन्ही गोष्टी नावानिशी आल्या पाहिजेत.

उत्तर: वाडा_ते_ठाणे

माझी शंका जरा वेगळी आहे. ‘गावाच्या हद्दीत आग पेटवण्यास मनाई’ असे सरसकट वाक्य ठरावात गेले, तर ते सर्वप्रथम आमच्यासारख्या घरांवर येऊन आदळेल. भाताच्या रोपांसाठी राब भाजावाच लागतो, म्हणजे रोपे टाकायच्या जागेवर पालापाचोळा, गवत पसरून जाळावे लागते. त्याने तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. तो भाजला जातो ऐन उन्हाळ्यात, म्हणजे नेमका बंदीच्या काळात. पाहुण्याची करमणूक आणि शेतकऱ्याचा राब एकाच वाक्यात बसवणे अन्यायाचे होईल, आणि असा ठराव कोणी पाळणारही नाही.

तरीही राबाची आग निसटते हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या पाड्यात रूढ पद्धत अशी आहे की राब पहाटे किंवा अगदी सकाळी, वारा पडलेला असताना भाजायचा, आधी भोवतीचा पट्टा खरवडून मोकळा करायचा, आणि ओल्या डहाळ्या घेऊन शेजारची दोन घरे हजर ठेवायची. दुपारी वारा सुटल्यावर काडी लावणाऱ्याला कोणी चांगले म्हणत नाही. हीच पद्धत ठरावात लिहावी. कोण कोणत्या दिवशी भाजणार हे आदल्या दिवशी पोलीस पाटलाला कळवणेही फार अवघड नाही.

उत्तर: डोंगरवाट_दादर

आमच्या भटक्यांच्या गटात डिसेंबरनंतर चूल आणि शेकोटी दोन्ही वर्ज्य आहेत. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी वणव्यात सापडून वीसहून अधिक गिर्यारोहकांचा जीव गेला, त्यानंतर या नियमावर आमच्यात चर्चा उरली नाही. आग चढावर सपाटीपेक्षा कितीतरी वेगाने जाते, त्यामुळे तिच्यापुढे वर पळणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. तुमचे जंगल माळाच्या वरच्या अंगाला आहे असे तुम्ही लिहिले आहे. तेव्हा निदान तंबूंची जागा तरी त्या चढाच्या पायथ्यापासून दूर हलवावी.

मुलुंड_शहापूर

सर्वांचे आभार. चर्चेनंतर मसुद्याचा मुख्य भाग असा केला आहे: “१ डिसेंबरपासून ग्रामपंचायतीने पावसाळा सुरू झाल्याचे जाहीर करेपर्यंत, वनहद्दीपासून ५०० मीटरच्या आत पर्यटकांना व तंबूचालकांना शेकोटी, उघडी चूल, कोळशाची शेगडी, फटाके आणि उडते कंदील वापरता येणार नाहीत. राब भाजणे यातून वगळले असून ते सकाळी ९ च्या आत, शेजाऱ्यांच्या उपस्थितीत व पोलीस पाटलांना आदल्या दिवशी कळवून करावे.” जाळरेषेसाठी वनरक्षकांची वेळ मागितली आहे. यात काही राहून गेले आहे का?

निवृत्त_वनपाल

५०० मीटर हा आकडा काढून टाका. वनहद्दीचा दगड कुठे आहे हे पर्यटकाला सोडाच, गावातल्या निम्म्या लोकांनाही ठाऊक नसते, आणि मोजायला टेप घेऊन कोणी जात नाही. ‘ओढ्यापासून डोंगराच्या बाजूचा संपूर्ण माळ’ असे, गावात बोलतात त्या नावांनी लिहा, आणि तीच नावे तंबूंच्या वाटेवरच्या फलकावर रंगवा. फलकावर वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक मोठ्या अक्षरांत असू द्या. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे मोबाईल नोंदवला तर आपल्या भागातील आगीचा उपग्रहावरून मिळणारा इशारा संदेशाने येतो. गावातील दोघा-तिघांनी ती नोंदणी करून ठेवावी. मात्र उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो आणि लहान आग त्याला दिसतही नाही, म्हणून शनिवार-रविवारी रात्री माळावर फेरी कोणी मारायची, हेही ग्रामसभेतच ठरवून घ्या.