फौंड्रीतल्या नऊ जणांसाठी ऑनलाइन व्हाइटबोर्ड कोणता घ्यावा?

उद्यमनगरकर
नमस्कार मंडळी. आमची फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत आहे; पॅटर्न शॉप (साच्यासाठी लागणारे नमुने बनवण्याची जागा) आणि डिझाइनची छोटी कचेरी मात्र कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आहे. एखाद्या कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) ब्लोहोल (वायूमुळे पडणारी छिद्रे) किंवा कोल्ड शटचे (धातूचे प्रवाह नीट न जुळल्याने राहणाऱ्या भेगेचे) प्रमाण वाढले की ग्राहकाला एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचे कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा अहवाल, द्यावा लागतो आणि त्यासाठी सर्वांनी मिळून फिशबोन आकृती (माशाच्या सांगाड्यासारखी; डोक्याशी दोष, काट्यांवर कारणे) काढावी लागते. सध्या ती शिरोलीच्या मीटिंग रूममधल्या फळ्यावर काढली जाते आणि उद्यमनगरातल्या मंडळींना व्हॉट्सअॅपवर तिचा फोटो मिळतो, त्यामुळे पॅटर्न शॉपकडून आलेली शंका आकृतीत बहुधा उतरतच नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा तर दोन्हीकडची माणसे एकत्र बसणेच शक्य नव्हते. म्हणून सर्वांना एकाच वेळी लिहिता येईल असा ऑनलाइन व्हाइटबोर्ड घ्यावा असे ठरवले आहे.

आम्ही नऊ जण आहोत, त्यांपैकी तिघे शॉप फ्लोअरवरचे असून त्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे. मराठीत लिहिता आले पाहिजे, पुण्याच्या ग्राहकाला आकृती पाहता यावी पण बदलता येऊ नये, आणि सगळ्यांचा मिळून खर्च महिन्याला २,००० रुपयांच्या आत बसावा. कृपया स्वतः वापरलेल्या साधनाबद्दल सांगावे.

पंचतारांकित_कागल
मिरो घ्या आणि विषय संपवा. आमच्या मशीन शॉपमध्ये आम्ही सर्वांसाठी सशुल्क योजना घेतली आहे आणि नवीन फिक्स्चरचा आराखडा, लाइनचा लेआउट, आठवड्याचे नियोजन हे सर्व त्यावरच चालते. टेम्पलेट तयार मिळतात, फिशबोनचेही मिळते. परदेशी ग्राहकासमोर आम्ही तो बोर्ड उघडतो तेव्हा त्यांचे लोक लगेच सरसावून बसतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. चांगल्या साधनासाठी हात आखडता घेऊ नये.

इचल_टेक्स्टाइल
आमच्याकडे कापडाच्या डिझाइनचे काम फिग्मा या ऑनलाइन डिझाइन साधनावर होत असल्यामुळे त्याच कंपनीचा २०२१ मध्ये आलेला फिगजॅम आम्ही वापरतो आणि तो मला मिरोपेक्षा हलका वाटतो. चिठ्ठ्या चिकटवणे, शिक्के मारून पसंती दाखवणे, बाण जोडणे हे नवख्या माणसालाही पाच मिनिटांत जमते. रंगसंगतीवर चर्चा करताना कापडाच्या नमुन्याचा फोटो मध्ये ठेवून भोवती मते मांडायची ही आमची पद्धत आहे, ती कास्टिंगलाही लागू पडेल.

उद्यमनगरकर
दोघांचेही आभार. कागलकर साहेब, सशुल्क मिरोचा दर माणशी महिन्याला साधारण ८ ते १० डॉलर दिसतो. नऊ जणांचा हिशेब केला तर तो ६,००० रुपयांच्या पुढे जातो, आमची मर्यादा २,००० आहे.

राजारामपुरी_कोडर
बजेट एवढे असताना सशुल्क साधनाकडे जाण्याचे कारणच नाही. एक्सकॅलिड्रॉ पाहा. ते मुक्त स्रोत आहे, नोंदणी न करता ब्राउझरमध्ये उघडते, आणि दुवा पाठवला की समोरचा माणूस त्याच फलकावर येतो. एकत्र काम करताना मजकूर कूटबद्ध होऊन जातो आणि त्याची किल्ली दुव्याच्या शेवटच्या भागात असते, त्यामुळे सर्व्हरलाही तो वाचता येत नाही. ग्राहकाचे ड्रॉइंग फलकावर ठेवणाऱ्या कारखान्याने या गोष्टीचा विचार अवश्य करावा.

दोन मर्यादाही सांगतो. विनामूल्य आवृत्तीत तुमचे काम तुमच्याच ब्राउझरमध्ये साठते, म्हणजे कोणी ब्राउझरची साठवण साफ केली तर ते जाते; प्रत्येक बैठकीनंतर फाइल उतरवून ठेवण्याची शिस्त लागते. दुसरे म्हणजे त्याचे हस्ताक्षरासारखे वळण देवनागरीला लाभत नाही, मराठी मजकूर साध्या अक्षरात दिसतो. वाचायला मात्र काही अडचण येत नाही.

पॅटर्नवाला_जुना
मी उद्यमनगरात आयुष्यभर लाकडी आणि अॅल्युमिनियमचे पॅटर्न केले. दोष शोधायचा तर माणसाने कास्टिंग हातात घेऊन, फोडून, उजेडात धरून पाहिले पाहिजे. पडद्यावर चौकोन रंगवून रायझरची (आकसणाऱ्या धातूला भर पुरवणाऱ्या पोकळीची) जागा चुकली की कोअर (कास्टिंगमधली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) ओला राहिला हे कळत नाही. भिंतीवर मोठा कागद लावा, स्केच पेन द्या, दर महिन्याचे २,००० रुपये वाचतील.

इचल_टेक्स्टाइल
काका, तुमचे म्हणणे मान्य आहे, पण प्रश्न विचारणाऱ्यांची अडचण दोष पाहण्याची नसून दोन ठिकाणच्या माणसांनी एकत्र विचार करण्याची आहे. कागद शिरोलीच्या भिंतीवर लावला तर तो उद्यमनगरातून दिसणार नाही.

पॅटर्नवाला_जुना
पूर्वी आम्ही सायकलवरून शिरोलीला जाऊन मोल्डिंगच्या माणसाशी बोलून येत होतो. आज गाड्या असूनही कोणी जात नाही, याचे मला वाईट वाटते. तरीही महापुराचा मुद्दा खरा आहे, तेव्हा मार्गच नव्हता.

शाहूपुरी_करसल्ला
साधन कोणतेही घ्या, पण परदेशी कंपनीचे सदस्यत्व घेताना दोन गोष्टी आधी समजून घ्या, कारण माझ्याकडे येणारे बरेच उद्योजक वर्षअखेरीस याच ठिकाणी अडकतात. जीएसटी नोंदणी असलेल्या उद्योगाने परदेशातून सेवा घेतली तर रिव्हर्स चार्जखाली १८ टक्के कर त्याने स्वतः भरायचा असतो. त्याचे इनपुट क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, मिळू शकते, पण आधी रोख भरणा करावा लागतो आणि विवरणपत्रात नोंद राहून गेली तर पुढे नोटीस येते. दुसरी बाब कार्डाची. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या दरमहा वसुलीसाठी आधी ई-मॅन्डेट, म्हणजे वसुलीची आगाऊ संमती, नोंदवावे लागते, आणि परदेशी कंपनीने ती व्यवस्था जोडलेली नसेल तर वसुली नाकारली जाते. माझ्या एका अशिलाचे सदस्यत्व ऐन ऑडिटच्या आठवड्यात असेच थांबले आणि सर्व फलक केवळ पाहण्यापुरते उरले.

पंचतारांकित_कागल
आमचे पैसे वर्षाचे एकदम भरलेले असतात, त्यामुळे असा प्रसंग आला नाही. मी पुन्हा सांगतो, मिरोच घ्या. आणि नऊही जणांना सशुल्क सदस्य करण्याची गरज नाही. दोघे सदस्य करा. केवळ पाहणाऱ्यांचे पैसे पडत नाहीत. ८ डॉलरच्या वार्षिक दराने दोघांचा खर्च तुमच्या २,००० मध्ये बसेल.

उद्यमनगरकर
साहेब, ही माहिती उपयोगी आहे. परंतु दोघेच लिहिणार आणि सात जण पाहणार असतील तर सध्याच्या फळ्यात आणि त्यात आमच्या दृष्टीने फार फरक राहणार नाही. विनामूल्य योजनेत किती चालते?

राजारामपुरी_कोडर
मिरोच्या विनामूल्य योजनेत सदस्य कितीही घेता येतात, पण संपादनासाठी तीनच बोर्ड खुले राहतात. दर दोषाला एक बोर्ड काढायचा तर ते लवकर संपतील. शिवाय त्या योजनेत खाजगी बोर्ड नसतो, म्हणजे एका ग्राहकाचा विषय टीममधल्या सर्वांना दिसतो. एक्सकॅलिड्रॉला अशी मर्यादा नाही, हे मी आधीही लिहिले आहे.

वाचनकट्टा_प्राध्यापिका
अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवताना आम्ही गूगलचा जॅमबोर्ड वापरत होतो. तो ३१ डिसेंबर २०२४ रोजी कायमचा बंद झाला. एवढ्या मोठ्या कंपनीचे साधनही बंद होऊ शकते, म्हणून निवड करताना पहिला प्रश्न असा विचारावा की आपले काम बाहेर कोणत्या स्वरूपात काढता येते. चित्र किंवा पीडीएफ मिळत असेल तर नोंद टिकते, पण त्यात पुढे बदल करता येत नाही. विद्यार्थ्यांचे प्रकल्प वर्षानुवर्षे चालतात, तेव्हा हा फरक फार जाणवतो. तुमच्या एट-डी रिपोर्टला बहुधा चित्र पुरेसे असेल.

हुपरी_चांदीकाम
मराठीचा प्रश्न कोणी नीट घेतलेला नाही. एका साधनात आम्ही दागिन्यांच्या नवीन घडणीचे टप्पे मराठीत लिहिले. पडद्यावर सर्व ठीक दिसत होते, पण पीडीएफ काढल्यावर ‘प्रक्रिया’ या शब्दातला ‘क्रि’ फुटून क, हलन्त, र आणि वेलांटी असे वेगळे तुकडे पडले. ग्राहकाला तो कागद देण्याची आम्हाला लाज वाटली. पैसे भरण्यापूर्वी जोडाक्षरे असलेले एक पान लिहून, पीडीएफ काढून, छापून पाहा. कारागिराने मराठीत लिहायचे आणि छापताना त्याचीच अक्षरे मोडायची, हे आपण चालवून घेता कामा नये.

गोकुळशिरगाव_क्यूए
मी इतक्या उशिरा लिहितो आहे, कारण वरच्या चर्चेत साधनावरच सगळा भर दिसला आणि बैठक कशी चालवायची हे राहून गेले. ज्यांच्या नावाने ही आकृती ओळखली जाते त्या काओरू इशिकावा यांनी ती जपानमध्ये गुणवत्तेच्या कामासाठीच रूढ केली, आणि तिचा उपयोग तेव्हाच होतो जेव्हा यंत्रावर उभा असलेला माणूस आपले निरीक्षण तीत मांडतो. आपल्याकडे मात्र मॅनेजर पहिले कारण बोलतात आणि उरलेले सर्व जण त्याच कारणाला फाटे फोडत बसतात.

यावर आम्ही जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञांच्या चिठ्ठ्यांचे गट लावण्याच्या पद्धतीचा आधार घेतला. बैठकीची सुरुवातीची दहा मिनिटे कोणी बोलायचे नाही. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एकच कारण लिहायचे आणि नाव टाकायचे नाही. त्यानंतर सर्वांनी मिळून एकसारख्या चिठ्ठ्या जवळ आणायच्या, आणि मगच त्या माणूस, यंत्र, माल, पद्धत, मापन आणि वातावरण या काट्यांवर न्यायच्या. पावसाळ्यातल्या एका बैठकीत ‘सकाळच्या पहिल्या हीटला कोअर ओलसर लागतो’ अशी एक पिवळी चिठ्ठी आली (हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू). रात्रभर रॅकवर राहिलेला कोअर दमट हवेतला ओलावा ओढून घेतो, ओतताना त्याची वाफ होते आणि ती बाहेर पडली नाही तर ब्लोहोल होतात, हे कारण आमच्या चर्चेत त्याआधी आलेच नव्हते. बोलून दाखवायची वेळ असती तर तो मोल्डर गप्प राहिला असता अशी माझी खात्री आहे. ऑनलाइन फलकाचे खरे मोल मला इथे दिसते.

चिठ्ठीचे रंगही ठरवून घ्या: पिवळी म्हणजे संशय, हिरवी म्हणजे तपासून सिद्ध झालेले कारण, राखाडी म्हणजे तपासून बाद केलेले. बाद केलेली चिठ्ठी पुसू नका, नाहीतर तीच शंका पुढच्या महिन्यात पुन्हा येते. आणि काकांचे म्हणणे सोडू नका: फोडलेल्या कास्टिंगचे जवळून काढलेले फोटो आकृतीच्या डोक्याशी लावा.

मोबाइलवाल्या तिघांविषयी सांगायचे तर मोठा फलक साध्या फोनवर अडखळतो आणि बोटाने चिठ्ठी हलवताना दुसऱ्याचीच सरकते. त्यांना बैठकीपुरते सुपरवायझरच्या संगणकापाशी बसवा, आणि एरवी त्यांनी व्हॉट्सअॅपवर फोटो व एक ओळ पाठवावी, ती तुमच्यापैकी एकाने फलकावर लावावी. हे काम कोणाचे ते नाव घेऊन ठरवा. जाता जाता, तुमच्या कंपनीचा ईमेल कोणाकडे आहे?

पॅटर्नवाला_जुना
राखाडी चिठ्ठीची गोष्ट मला पटली. आमच्या वेळी बाद झालेली कारणे कोणी लिहूनच ठेवत नसे.

उद्यमनगरकर
गोकुळ शिरगावच्या साहेबांचे मनःपूर्वक आभार. हा प्रतिसाद मी छापून टीमला दिला आहे. आमचा ईमेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे आणि शॉप फ्लोअरवरचे तिघे सोडून सर्वांची खाती आहेत.

राजारामपुरी_कोडर
मग मायक्रोसॉफ्टचा व्हाइटबोर्ड तुमच्याकडे असणारच, परंतु मी तो सुचवणार नाही. टेम्पलेट आणि आकृत्यांच्या बाबतीत तो मिरो-फिगजॅमच्या मागे आहे.

इचल_टेक्स्टाइल
माझाही अनुभव तोच आहे. फिगजॅमची विनामूल्य योजना आधी वापरून पाहा.

पंचतारांकित_कागल
ग्राहकासमोर दाखवायचा असेल तर तो साधा दिसेल. मिरोचे दोन सदस्य घ्या, हे मी शेवटचे सांगतो.

उद्यमनगरकर
सर्वांचे म्हणणे वाचूनही आम्ही मायक्रोसॉफ्ट व्हाइटबोर्डच वापरायचे ठरवले आहे. सहा जणांची खाती आजच तयार आहेत, वेगळे पैसे द्यायचे नाहीत, त्यामुळे ई-मॅन्डेटचा आणि रिव्हर्स चार्जचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि ग्राहकाचे ड्रॉइंग ज्या खात्यात आधीपासून आहे त्याच खात्यात आकृतीही राहते. फिशबोन आकृतीत एक आडवी रेघ, सहा तिरक्या रेघा आणि चिठ्ठ्या एवढेच असते. ती एकदा काढून तिची प्रत दर वेळी वापरता येईल. ग्राहकाला दुवा न देता चित्र काढून रिपोर्टमध्ये जोडणार आहोत. हुपरीच्या साहेबांनी सांगितल्याप्रमाणे ‘प्रक्रिया’, ‘आर्द्रता’, ‘छिद्र’ हे शब्द लिहून चित्र काढले आणि छापले. अक्षरे शाबूत आली. पहिल्या बैठकीत पंप हाउसिंगच्या ब्लोहोलचा विषय घेणार आहोत, आणि पॅटर्नवाले काका तयार असतील तर त्यांनी उद्यमनगरातल्या आमच्या कचेरीत येऊन त्या बैठकीला बसावे अशी विनंती आहे.

पॅटर्नवाला_जुना
येतो. फोडलेले दोन नमुने उद्यमनगरात मागवून ठेवा.

गोकुळशिरगाव_क्यूए
निर्णय योग्य आहे. एक काळजी घ्या: हा बोर्ड ज्याने उघडला त्याच्या वनड्राइव्हमध्ये साठतो, आणि तो माणूस नोकरी सोडून गेल्यावर त्याचे खाते बंद केले की ठरावीक मुदतीनंतर साठवणही जाते. म्हणून सर्व बोर्ड गुणवत्ता विभागाच्या एकाच कायम खात्यातून उघडा आणि बैठक संपताच चित्र काढून रिपोर्टच्या फोल्डरमध्ये तारखेसह ठेवा.

उद्यमनगरकर
तसेच करतो. विभागाचे खाते आजच मागवले आहे.