सेकंदाच्या पल्ससाठी डीडीएस नकोच! पटत नसेल तर बोला

इंदिरानगरकर:
परवा ग्रुपवर एकाने लिहिलं की एडी ९८५० चं मॉड्यूल घ्या (ही डीडीएस चिप, म्हणजे क्लॉकच्या ठोक्यांवरून आकड्यांनी हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करणारी), ०.०२९ हर्ट्झची स्टेप मिळते, म्हणजे फ्रिक्वेन्सी तेवढ्या बारीक पायरीने बदलता येते, त्यावरून सेकंदाचा पल्स काढा, घरच्या घरी याहून अचूक घड्याळ होणार नाही. मला हे अजिबात पटलेलं नाही. स्टेप बारीक असली म्हणजे हवा तो आकडा बरोब्बर मिळतोच असं नाही ना. १२५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर १० मेगाहर्ट्झ काढायला ट्यूनिंग वर्ड (फ्रिक्वेन्सी ठरवायला चिपला द्यायचा आकडा) येतो ३४३५९७३८३.६८, चिपला पूर्णांकच लागतो, म्हणून शेवटच्या ३८३.६८ च्या जागी ३८४ टाकायचं, आणि ते उरलेलं ०.३२ कायमचं मानगुटीवर बसतं.

नुसतं कागदावर नाही, शनिवारी करून बघितलं. गच्चीवर जीपीएसचा अँटेना, त्याच्या १० मेगाहर्ट्झला लॉक केलेला (म्हणजे त्याच्याशी जखडलेला) १२५ मेगाहर्ट्झचा क्लॉक डीडीएसला दिला आणि दोन्ही लाटा स्कोपवर एकाखाली एक लावल्या. ट्रिगर जीपीएसवर, ती लाट जागची हलत नाही, आणि खालची डीडीएसची सावकाश डावीकडे सरकतेय, सरकतेय... मोबाईलवर वेळ लावली तर साधारण १०७ सेकंदांत एक अख्खी सायकल पुढे गेली. गणितानेही तेवढंच येतं. दिवसाचे ८० मायक्रोसेकंद झाले, आणि तेही दोघांचं मूळ एकच असताना!

सातपूर एमआयडीसी:
८० मायक्रोसेकंदांनी कुणाचं काय अडतंय हो? त्या मॉड्यूलवरचा साधा ऑसिलेटर २० पीपीएमने (दहा लाखात २०) जरी चुकला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद जातात, आधी त्याचं बघा. फ्रिक्वेन्सी झटक्यात बदलते, फेज तुटत नाही, पीएलएलसारखी (ते सर्किट आपली लाट संदर्भाच्या लाटेशी जुळवत राहतं) लॉक व्हायची वाट बघावी लागत नाही, आमच्या टेस्ट बेंचवर हे रोज कामाला येतं. उगाच चिपला बदनाम करू नका.

इंदिरानगरकर:
साहेब, बेंचवर डीडीएसच पाहिजे, त्यात वादच नाही. पण मी जीपीएसचा क्लॉक देऊन बघितलंय, म्हणजे ऑसिलेटरची चूक त्यात नाहीच. जी घसरण राहिली ती राउंडिंगची.

थर्ड इयर ईअँडटीसी:
सर एडी ९८३३ या दुसऱ्या डीडीएस चिपमधून थेट एमएसबी (तिच्या मोजणीतला सगळ्यात वरचा बिट) घेतला तर? स्क्वेअर वेव्ह तयारच मिळते, फिल्टर बिल्टर काही नको.

देवळालीचा हॅम:
अरे बाळा तिथेच गोची आहे. एज, म्हणजे स्क्वेअर वेव्हची वर किंवा खाली जाणारी कड, फक्त क्लॉकच्या ठोक्यावर येऊ शकते. २५ मेगाहर्ट्झवर ३ मेगाहर्ट्झ माग, एका सायकलला ८.३३ ठोके लागतात, मग कधी ८ ठोक्यांची सायकल म्हणजे ३२० नॅनोसेकंद, कधी ९ ची म्हणजे ३६०. सरासरी बरोबर, प्रत्येक एज मात्र डुलत येते. पण इंदिरानगरकर, हेही सांगा की हा जिटर, म्हणजे एजचं डुलणं, साठत जात नाही, एका ठोक्याच्या आतच राहतो. आणि साइन फिल्टर करून कम्पॅरेटरला (साइनची स्क्वेअर वेव्ह करणारा भाग) दिली की बराचसा जातो, त्यासाठी ९८५० मध्ये कम्पॅरेटर दिलेलाच आहे.

इंदिरानगरकर:
१० मेगाहर्ट्झला जातो, कबूल. पण लोक थेट १ हर्ट्झ काढायला निघालेत! १ व्होल्ट पीकची १ हर्ट्झची साइन शून्यातून जाताना सेकंदाला जेमतेम ६.२८ व्होल्टच्या वेगाने चढते, तिथे १ मिलिव्होल्ट नॉइज आला तरी एज १६० मायक्रोसेकंद इकडे तिकडे. कम्पॅरेटर कितीही भारी घ्या, एवढ्या लोळत येणाऱ्या लाटेपुढे त्याचाही इलाज नाही.

सातपूर एमआयडीसी:
हा नॉइजचा मुद्दा मान्य, थेट १ हर्ट्झ मीही काढणार नाही. पण राउंडिंगवर उपाय आहे, तो लपवू नका. क्लॉक दोनच्या घातात घ्या, ६७.१०८८६४ मेगाहर्ट्झ, मग स्टेप बरोबर १/६४ हर्ट्झ येते आणि पूर्ण हर्ट्झचा कुठलाही आकडा तंतोतंत बसतो. १० मेगाहर्ट्झ काढा, फिल्टर करा, मग भागून १ हर्ट्झ करा. त्यामुळे "डीडीएस नकोच" हे काही मला पटत नाही.

इंदिरानगरकर:
बसतो, खरंय. पण साहेब, जीपीएसचे १० मेगाहर्ट्झ हातात असताना ते आधी ६७.१०८८६४ करायचे, त्यातून परत १० काढायचे आणि मग भागायचे, हा द्राविडी प्राणायाम कशाला? ७४एचसी३९० या चिप चार घ्या, एकेकात दोन दशक काउंटर (दहाने भागणारे), त्यातले सात वापरले की झाला एक सेकंद. शेवटी एक डी फ्लिपफ्लॉप (क्लॉकच्या ठोक्यालाच आउटपुट बदलणारा) त्याच १० मेगाहर्ट्झवर चालवा म्हणजे काउंटरांच्या साखळीत लागलेला उशीर एजवर दिसत नाही. माझं ब्रेडबोर्डवर चालू आहे, उद्या सहानंतर घरी आहे, तुमचं मॉड्यूल घेऊन या, दोन्ही पल्स एकाच स्कोपवर लावू.