यामाहा डीएक्स-७ची आतली बॅटरी बदलायची आहे, पण बाबांचे टोन जाता कामा नयेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरी बाबांचा डीएक्स-७ कीबोर्ड (सिंथेसायझर) आहे. १९८३ साली बाजारात आलेलं पहिलं मॉडेल, नंतरचं डीएक्स-७ टू नव्हे. बाबांनी तो एका ऑर्केस्ट्राच्या मालकाकडून जुना विकत घेतला आणि सांगली-कोल्हापूर भागात गणपतीचे कार्यक्रम, जत्रा, लग्नाच्या वराती सगळं त्याच्यावर वाजवलं. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. कार्यक्रम बंद झाले, पण संध्याकाळी तासभर तरी वाजवतातच.

फंक्शनचं बटण दाबून १४ नंबर दाबला की बॅटरीचा व्होल्टेज दिसतो. दिवाळीत २.७ होता, काल २.४ दिसला. म्हणजे आता फार दिवस राहिलेले नाहीत.

अडचण बॅटरीच्या किमतीची नाही. आत जे ३२ टोन, म्हणजे साठवलेले आवाज, आहेत ते या बॅटरीवरच टिकून राहतात, आणि त्यातले निम्म्याहून जास्त बाबांनी स्वतः बनवलेले आहेत. शहनाई, सुंदरी, तुतारी, आणि एक संबळ. तो संबळ मी दुसऱ्या कुठल्याही कीबोर्डवर ऐकलेला नाही. मूळचे टोन नेटवर मिळतात हे मला माहीत आहे, हे मिळणार नाहीत. बाबांनी वहीत काहीच लिहून ठेवलेलं नाही, आणि मोतीबिंदूमुळे त्यांना डिस्प्लेवरची बारीक अक्षरं नीट दिसत नाहीत. त्यामुळे पुन्हा बसून बनवा असं त्यांना सांगता येत नाही.

एका दुकानात दाखवलं. ‘दहा मिनिटांचं काम आहे, जुनी काढतो नवी लावतो’ असं म्हणाले. मेमरीचं काय होईल म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. मी कीबोर्ड परत घेऊन आलो.

माझे प्रश्न:
बॅटरी काढली की टोन लगेच जातात का? कीबोर्ड चालू ठेवून बॅटरी बदलता येते का? आणि सगळे आकडे कागदावर उतरवून घेणं हाच एक मार्ग आहे का? मी हिशोब केला, नाव सोडून एका टोनला १४५ आकडे आहेत. ३२ टोनचे ४६४० होतात. लागलं तर उतरवीन, पण एक आकडा चुकला तरी संबळाचा संबळ राहणार नाही.

सोल्डरिंग मला येतं, पण इतक्या जुन्या बोर्डावर कधी केलेलं नाही.

प्रतिसाद १

दादा, तुम्ही कीबोर्ड परत आणलात हे फार बरं केलंत. बॅटरी काढली की टोन गेलेच म्हणून समजा. चालू ठेवून बदलायच्या फंदात अजिबात पडू नका. पॉवर सप्लाय त्याच पेटीत आहे, २३० व्होल्टच्या शेजारी कढईसारखा तापलेला सोल्डरिंग आयर्न घेऊन हात घालणं बरोबर नाही.

कागदाची गरज नाही. मिडीवरून, म्हणजे वाद्य कॉम्प्युटरला जोडायच्या केबलीवरून, सगळे ३२ टोन एका दमात कॉम्प्युटरवर घेता येतात. फंक्शनमध्ये ८ नंबर पुन्हा पुन्हा दाबत जा. आधी मिडी चॅनल येईल, मग ‘सिस इन्फो’. ते ‘अव्हेल’ करा. पुढे ‘मिडी ट्रान्समिट ?’ येईल, तिथे येस. फाइल घ्यायला विंडोजवर मिडी-ऑक्स आणि मॅकवर सिसेक्स लायब्रेरियन हे सॉफ्टवेअर चालतं. दीड सेकंदात काम होतं.

फाइल बरोबर ४१०४ बाइटची आली पाहिजे. एकाने जरी कमी असली तरी पुन्हा घ्या. स्वस्तातल्या मिडी केबली मध्येच बाइट खातात, हा माझा दोनदा आलेला अनुभव आहे.

आणि एक कळकळीची विनंती. फाइल आली म्हणून लगेच स्क्रू काढू नका. डेक्स्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते डीएक्स-७सारखंच वाजतं. त्यात ती फाइल उघडा आणि बाबांना ऐकवा. त्यांनी ‘हाच’ म्हटल्यावरच पुढे जा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात जोडतो. पिच बेंडची रेंज (चाकाने सूर किती वर-खाली जातो), पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) वगैरे फंक्शनच्या सेटिंग त्या फाइलमध्ये येत नाहीत. त्या मात्र कागदावर लिहून घ्या, थोड्याच आहेत.

बॅटरी सीआर २०३२ आहे, पत्र्याच्या पट्ट्यांनी बोर्डाला सोल्डर केलेली. नवी बॅटरी थेट सोल्डर करू नका, लिथियमचा सेल तापला तर फुटू शकतो. बॅटरी बसवायचा होल्डर घ्या. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, कुठेही मिळेल. पुढच्या वेळी नुसती नखाने बॅटरी बदलता येईल. एलआयआर २०३२ देतील तर घेऊ नका, ती चार्जिंगची असते आणि तिचा व्होल्टेज जास्त असतो.

प्लग काढून थोडा वेळ जाऊ द्या. प्लस-मायनसचा फोटो घ्या. जुन्या पट्ट्या आधी कटरने कापा, मग एकेक पाय गरम करून सोल्डर शोषायच्या पंपाने सोल्डर ओढा. ओढाताण केली तर बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक उचलला जातो, आणि खरं नुकसान तिथेच होतं.

धागाकर्ता

झालं! तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

पहिल्या दिवशी काहीच आलं नाही. केबलवर ‘इन’ लिहिलेला प्लग मी कीबोर्डच्या इनमध्ये लावला होता, तो आउटमध्ये हवा होता. मग फाइल आली ती २०००च्या आसपास बाइटची. मित्राकडून चांगला मिडी इंटरफेस (कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) आणला, तेव्हा बरोबर ४१०४. तीनदा घेतली, तिन्ही सारख्या.

डेक्स्डमध्ये बाबांना डोळे मिटून ऐकायला सांगितलं. शहनाईला नुसती मान हलवली. संबळ लागला तेव्हा टेबलावर बोटांनी ठेका धरला.

काल होल्डर बसवला. चालू केल्यावर डिस्प्लेवर टोनच्या नावांच्या जागी भलतीच अक्षरं आली, पोटात गोळा आला. मेमरी प्रोटेक्ट (टोन पुसले जाऊ नयेत म्हणूनचं कुलूप) काढून, सिस इन्फो अव्हेल करून फाइल परत पाठवली आणि सगळी ३२ नावं जागच्या जागी आली. १४ नंबरवर आता ३.१ दिसतो.

फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक बहिणीकडे ठेवली आहे. कुणाकडे डीएक्स-७ असेल आणि संबळ हवा असेल तर इथे लिहा. बाबा म्हणाले, द्या.