मदत हवी आहे: डिझाइन छापून बाजारात, उरलेले पैसे मात्र नाहीत

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, सुदामानगरात राहतो. प्रेसमधली नोकरी सोडून दोन वर्षं घरूनच डिझाइनची कामं करतोय.

एका नमकीनवाल्यांसाठी सहा पाकिटं केली. निम्मे पैसे आधी मिळाले. मग "भिया, लोगो थोडा और बड़ा कर दो" ऐकत अकरा वेळा बदल केले. (लोगो एवढा वाढला की शाकाहाराचा हिरवा ठिपका कुठे बसवू हा प्रश्न पडला!) शेवटी फाइल पाठवली आणि फोन उचलणं बंद. परवा किराणा दुकानात लौंग शेवेचं पाकीट हातात आलं. माझंच, फक्त लाल थोडा विटकरी छापलेला. आई म्हणाली, "घे एक, तुझंच आहे." घेतलं, पैसे देऊन.

लेखी करार नाही, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आहे. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) काम घेण्याआधीची आहे. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, एवढं वाचलंय. थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर कुणी तक्रार केली आहे का? व्हॉट्सॲपचा पुरावा चालला का? की आधी वकिलाची नोटीस बरी?

आणि कोरलची (डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) ओपन फाइल, म्हणजे ज्यात पुढे कुणीही बदल करू शकतो ती, देण्याचे तुम्ही वेगळे पैसे घेता का? इथे ती सगळे फुकटच धरतात. किती बदलांनंतर जादा आकारता, तेही सांगा.